हक्कसोडपत्रावर सही नको, आणि उपचारही थांबवायचे नाहीत

पत्र:

"ताई, मी देवगड तालुक्यातली, वय ३९. आमचे हे आधी बोटीवर खलाशी होते, आता घरची आंब्याची कलमं बघतात आणि मिळेल ती मजुरी करतात. गालाच्या आतली जखम भरेना म्हणून तुकडा तपासला, तर कॅन्सर निघाला. शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन आणि नंतर शेक (रेडिएशन) सांगितलाय. ऑपरेशनचे साडेचार लाख, पुढचं पुढे बघू म्हणाले. घरात चाळीस हजार आहेत आणि माझ्या दोन पाटल्या. मोठे दीर म्हणतात, पाच लाख देतो, पण कलमांच्या हिश्शाचं हक्कसोडपत्र करून द्या. सासूबाई म्हणतात, तंबाखू त्याने खाल्ला, शिक्षा पोरांना का? मुलगा बारावीला आहे, तो कॉलेज सोडून बोटीवर जातो म्हणतो. आणि परवा रात्री हे म्हणाले, 'माझ्यार पैशे घालू नको. कलमां पोरांक रवांदेत.' गणपती आटपले तेव्हापासून घरात कोणी धड जेवलेलं नाही. तारीख लवकर घ्या असा हॉस्पिटलातून फोन येतोय. धाकटी बहीण समजून सांगा, काय करू?"

उत्तर:

धाकटी बहीण म्हणालीस, म्हणून 'तू'च म्हणते. आधी दोन गोष्टी सांगून टाकते, बाकीचं पत्र सावकाश वाच. हक्कसोडपत्रावर आत्ता सही होता कामा नये. आणि यजमानांचे उपचार थांबता कामा नयेत. या दोन्ही गोष्टी एकत्र जमतील असं मला तुझ्या पत्रावरून दिसतंय.

तुझ्या पत्रातल्या एका वाक्याने माझ्या पोटात गोळा आला. ते दिरांचं नाही, सासूबाईंचंही नाही. "ऑपरेशनचे साडेचार लाख, पुढचं पुढे बघू." हे 'पुढचं' म्हणजे काय, ते आम्ही घरात भोगलंय. वीस वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावाला हाच आजार झाला. आम्ही घाबरून अठरा कलमं विकली, मिळेल त्या भावाला, आणि पिशवीत रोकड घेऊन एका हॉस्पिटलात गेलो. ऑपरेशन झालं. घरी आलो तेव्हा पिशवीत सात हजार उरले होते आणि शेक बाकी होता. पैसे जमवता जमवता शेक सुरू व्हायला तीन महिने गेले. त्या इमारतीत तळमजल्यावर समाजसेवकांचं कार्यालय होतं, तिथे आमच्यासारख्यांच्याच पैशांची वाट काढून देतात, हे आम्हाला शेवटच्या महिन्यात एका आयाबाईने सांगितलं. भाऊ दीड वर्षाने गेला. वेळेवर शेक मिळाला असता तर तो वाचला असता का, हे कोणी सांगू शकत नाही. पण कलमंही गेली आणि उपचारही पुरे झाले नाहीत, ही टोचणी माझ्या मनातून जात नाही.

म्हणून तुला सांगते, गालाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशन आणि शेक हा एकच उपचार समज, दोन तुकड्यांत दिलेला. ऑपरेशननंतर शेक साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावा अशी डॉक्टरांची धडपड असते. शेक म्हणजे बहुधा तीस दिवसांचा हिशेब, सोमवार ते शुक्रवार, म्हणजे सहा आठवडे. कधी सोबत केमोही देतात. साडेचार लाख पहिल्या दारातच संपवून बसलीस, तर त्या सहा आठवड्यांना पैसे कुठून आणशील? सगळ्या उपचाराचा खर्च एका कागदावर येईपर्यंत एक रुपयाही आगाऊ भरू नकोस. डॉक्टरांना तोंडावर विचार: ऑपरेशन, शेक, केमो, तपासण्या, सगळं धरून किती? यातलं सरकारी योजनेत किती बसतं? हे करून माणूस बरा होण्याची आशा किती? हे विचारायला लाज वाटते, मला माहीत आहे. आपल्याकडे डॉक्टरांपुढे पैशाचं बोलणं म्हणजे माणसापेक्षा पैसा मोठा मानल्यासारखं वाटतं. तरी विचार. चांगला डॉक्टर रागावत नाही.

आता योजनेचं. तुझ्या घरात रेशनकार्ड आहे ना? पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही असो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू आहे, आणि आयुष्मान भारतशी जोडल्यापासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पूर्वी ही मर्यादा दीड लाख होती. तेव्हाच्या आठवणीवरून 'त्यात काय होतंय' म्हणणारे पुष्कळ भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, शेक हे तिन्ही या योजनेत आहेत. पण हे सगळं योजनेशी जोडलेल्या रुग्णालयातच होतं, आणि मंजुरी उपचाराच्या आधी घ्यावी लागते. आधी रोख भरून मागाहून योजनेतून परत मिळवू असं म्हणशील, तर ते होत नाही. तुला ज्यांनी साडेचार लाख सांगितले ते योजनेत आहेत का, हे कोणी विचारलं का? १५५३८८ हा योजनेचा टोल फ्री नंबर आहे. मुलाला आजच लावायला सांग आणि जवळच्या कुठल्या रुग्णालयात गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि शेक दोन्ही योजनेतून होतं, त्यांची नावं लिहून घ्यायला सांग. तिथे गेलात की आरोग्यमित्र नावाचा माणूस बसलेला असतो. पहिली गाठ त्याची घे, नंतर केस पेपर काढ.

कागद अडतात ते नावावरून. आधारवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, कुठे बापाचं नाव अर्धं, कुठे आडनाव वाडीच्या नावाने. आपल्याकडे हे घरोघरी आहे. यजमानांचं नाव रेशनकार्डावर आहे ना, हे आज रात्रीच बघ. मुंबईत कामाला असताना तिकडच्या कार्डावर चढवलेलं आणि इकडे उतरवायचं राहिलेलं, अशी कितीतरी घरं मला माहीत आहेत. नसेल तर उद्याच तहसीलला जा आणि आजाराचे कागद सोबत ने. उत्पन्नाचा दाखलाही त्याच फेरीत मागून घे, तो पुढे चार ठिकाणी लागेल. वाडीतल्या आशाताईला बरोबर घे, आयुष्मान कार्डाचं काम तिला माहीत असतं.

कुठे जायचं? तुमच्या बाजूचे पुष्कळ लोक सरळ गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जातात, काही मुंबईला. चिपळूणजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालयात कॅन्सरचा विभाग आहे, घरापासून त्यातल्या त्यात जवळ म्हणून तिथेही विचार. आणि परळचं टाटा तर १९४१ पासून उभंच आहे. तिथे फाईल काढताना 'जनरल की प्रायव्हेट' असं विचारतात. चांगले डॉक्टर प्रायव्हेटलाच असतील या भीतीने लोक प्रायव्हेट म्हणून मोकळे होतात. तू जनरल म्हण. डॉक्टर तेच असतात, खर्चात मात्र फार फरक पडतो. टाटाला गर्दी आहे, ऑपरेशनची तारीख लांबू शकते, हे लपवत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत तारीख विचार. फार लांबची असेल तर कुठल्या दुसऱ्या रुग्णालयात जाऊ, हेही त्यांनाच विचार. या आजारात महिनोन्महिने घालवता येत नाहीत. पण कागद नीट करायला आणि योग्य दार गाठायला लागणारे आठ-दहा दिवस काढता येतात. फोन करून घाई करणाऱ्यांना एवढंच सांग की आम्ही दुसरं मत घेतोय.

तारीख मिळाली की कुठल्याही रुग्णालयात दुसरा मुक्काम समाजसेवा विभागात. योजनेत जे बसत नाही त्याची वाट तिथूनच निघते: ट्रस्टांची मदत, पंतप्रधान मदत निधी, मुख्यमंत्री सहायता निधी. मुख्यमंत्री निधीसाठी रुग्णालयाने सही-शिक्क्यानिशी दिलेलं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं, आणि पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात. उपचार आटपल्यावर अर्ज करून उपयोग नाही. आणखी एक. तुला साडेचार लाख सांगणारं हॉस्पिटल धर्मादाय ट्रस्टचं आहे का, पाटीवर बघ. तसं असेल तर महाराष्ट्रात कायद्याने त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर दुर्बल. तहसीलदारांचा दाखला त्यासाठीच हवा. ही गोष्ट ते होऊन सांगतीलच असं नाही, तू नाव घेऊन विचार.

पण बहिणी, माझ्या अनुभवात घर खरं खचतं ते बिलाने नाही. बिल दिसतं तरी. सहा आठवडे मुंबईत दोन माणसांनी राहायचं, खायचं, रोज ये-जा करायची, आणि इकडे तुझीही मजुरी बुडणार, हे कुठल्याच अंदाजपत्रकात नसतं. याचा विचार आत्ताच कर. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती, दोन्हीकडे बाहेरगावच्या रुग्णांची आणि सोबत्यांची अगदी कमी पैशांत सोय होते. रुग्णालयाचं पत्र लागतं, जागा भरलेल्या असतात, म्हणून शेकाची तारीख कळली की त्याच दिवशी नाव घाल. आणि तुमच्या गावाची गिरणगावात खोली आहे का? लालबाग-परळला कोकणातल्या कितीतरी गावांच्या गावकीच्या खोल्या होत्या, काही अजून आहेत. गणपतीला आलेल्या चाकरमान्यांना तुम्ही काही सांगितलं नसणार, मला ठाऊक आहे. आपण असं दुखणं झाकतो. गावाच्या मुंबई मंडळाच्या सेक्रेटरीला फोन कर. पैसे मागू नकोस, टाटापासून चालत जाता येईल अशी झोपायची जागा माग. पैशाचं ते स्वतःच विचारतील.

रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थ्री टायर एसीचं तिकीट पूर्ण माफ असतं, सोबतच्या एका माणसाला त्याच डब्यांत ७५ टक्के सवलत असते. त्याचा ठरलेला फॉर्म रुग्णालयातून डॉक्टरांच्या सही-शिक्क्याने मिळतो. तेव्हा पहिली खेप खिशातून, पुढच्या खेपा फॉर्मवर. कणकवलीहून तुतारीने आलात तर दादरलाच उतराल. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच.

ऑपरेशननंतर काही दिवस बहुधा नाकातल्या नळीतून जेवण द्यावं लागेल. लोक घाबरून महागड्या पावडरींचे डबे आणतात. आहारतज्ज्ञांना विचार, घरचं पातळ जेवण कसं करायचं, किती गाळायचं, ते त्या दाखवतात. औषधांच्या बाबतीतही असंच विचार: याचंच स्वस्त जेनेरिक चालेल का? २०१९ मध्ये सरकारने कॅन्सरच्या ४२ औषधांवरच्या नफ्याला ३० टक्क्यांची मर्यादा घातली, तेव्हा शेकडो ब्रँडच्या किमती खाली आल्या. तरीही दुकानादुकानांत फरक असतोच.

आता घरातलं, जे तुला जास्त जड जातंय.

दिरांना मी वाईट ठरवत नाही. पाच लाख काढून देणं सोपं नाही. पण भाऊ आजारी असताना त्याची सही मागणं, ही वेळ चुकली. आणि हक्कसोडपत्र कसं असतं ते समजून घे. एकदा नोंदलं गेलं की सातबाऱ्यावरून नाव उतरतं, मागाहून रडून ते चढत नाही. त्यात पैशाचा उल्लेख बहुधा नसतोच. उद्या पाचातले तीनच हातात आले तर दाखवायला तुझ्याकडे कागद काय? जमीन वडिलोपार्जित असेल तर मुलांचाही तिच्यात हक्क आहे. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. बाईमाणसाला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यातच तसं आहे. पुढे अगदी विकायचीच वेळ आली, तर आधी तिथे जा आणि चार ठिकाणी भाव काढून विक. घाबरलेल्या माणसाच्या कलमांना कोणी भाव देत नाही.

दिरांना निरोप असा दे: "भावोजी, विकायचं अजून ठरलं नाही. तुम्ही लाखभर रुपये उसने द्याल तर कागद करून घेऊ, आणि यंदा कलमांकडे तुम्ही बघाल तर उपकार होतील." ते काय उत्तर देतात त्यावरून पुढचं तुलाच कळेल.

त्याआधी पैसा उभा करायचा तर कलमं कराराने देता येतील. मोहोराच्या आधी बोली कर, एकाच हंगामाची, फार तर दोन. निम्मे पैसे आधी घे. आणि कराराच्या कागदात एक ओळ घालच: कल्टार (मोहोर आणायला झाडाला घालतात ते औषध) घालायचं नाही, घातलंच तर किती आणि कोणासमोर, ते लिहिलेलं हवं. दोन वर्षांसाठी झाडं घेणारा दोन वर्षांचाच विचार करतो, आणि बेसुमार कल्टार ओतलेली कलमं पुढे कशी वाळतात ते तू पाहिलं असशील. पाटल्या मोडू नकोस, लागल्याच तर बँकेत तारण ठेव. महिन्याला शेकडा पाचने देणाऱ्याच्या दारात जाऊ नकोस. कोणी काढ्याचा खात्रीशीर कोर्स सुचवलाच, तर त्याला दारातूनच परत पाठव. अशा काढ्यांत पैशापेक्षा वेळ जास्त जातो, आणि तो तुझ्याकडे नाही.

मुलाला बोटीवर धाडू नकोस. त्याच्या मजुरीने हा खर्च भागणार नाही, वर्ष मात्र जाईल. त्याला खरं काम दे. एक वही, एक फाईल, सगळी मूळ बिलं, प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स, आणि फोन करणं. बारावीचा मुलगा हे तुझ्यापेक्षा नीट करेल, आणि बापासाठी काही करतोय असं त्यालाही वाटेल.

सासूबाईंच्या वाक्यावर मी फार बोलणार नाही. त्या आई आहेत, भीती अशीही बोलते. त्यांच्याशी वाद घालू नकोस. बोटीवर रात्र-रात्र जागायला तोंडात तंबाखू धरणारे सगळेच खलाशी आपल्या ओळखीचे आहेत. तंबाखू आता पूर्ण सुटायला हवा, कारण तो चालू राहिला तर उपचारांचा गुण कमी येतो. यापलीकडे आता त्या विषयात काही शिल्लक नाही.

आणि यजमान. "कलमां पोरांक रवांदेत" हे ते कुठल्या आकड्यावर म्हणाले, याचा विचार कर. त्यांच्यासमोर एकच आकडा आहे, साडेचार लाख आणि पुढचं माहीत नाही. त्या आकड्यावर मीही तेच म्हटलं असतं. योजना, जनरल फाईल, गावकीची खोली, रेल्वेचा फॉर्म, हे सगळं धरून नवा आकडा काढ आणि तो त्यांच्यापुढे ठेव. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय, याचा अर्थ बहुधा त्यांना आजार काढून टाकता येईल अशी आशा आहे. हे डॉक्टरांच्या तोंडून, यजमानांच्या समोर, तू नीट विचारून घे. दाराबाहेर तुला एकटीला बोलावून सांगितलेलं नको. सगळं खरं कळल्यावर त्यांनी जे ठरवलं असेल त्यात मी लुडबुड करणार नाही. पण चुकीच्या आकड्यावर जीव सोडून द्यायला निघालेल्या माणसाला 'बरं' म्हणू नकोस.

पुढे काम फार काळ बंद राहिलं, तर तहसीलला संजय गांधी निराधार योजनेचा अर्जही विचारून ठेव. गंभीर आजाराच्या रुग्णांना त्यात महिन्याला १,५०० रुपये मिळतात. उत्पन्नाची अट कडक आहे, तरी विचार.

ज्या वाचकांच्या घरी सत्तरीपुढची माणसं या आजाराने अडकली आहेत, त्यांच्यासाठी एवढंच: २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, ते काढून घ्या.

तुझ्याकडे परत येते. आज रात्री रेशनकार्ड आणि दोघांची आधार कार्डं शेजारी ठेवून नावं ताडून बघ. उद्या तहसील, आणि मुलाचा १५५३८८ ला फोन. तुकडा तपासल्याचा रिपोर्ट आणि हॉस्पिटलातून त्याच तुकड्याचे स्लाइड-ब्लॉक मागून घे, ते तुमचेच आहेत आणि पुढच्या डॉक्टरांना लागतात. तपासणीची पहिली तारीख कुठली मिळते ते मला कळव, आणि दिरांचं उत्तरही.

तुझी,
ताई